पंचपदीचा पाठ

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या वळसंग गावात दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक, मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा पुण्याला जाऊन पदवी घेऊन आला. आणि दुसरी, आता ह्याला शिकायचं काही उरलं नाही. पहिली गोष्ट खरी होती. तिचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवण्याचे कारण मला कधी दिसले नाही. माझ्याआधी आमच्या घरात कोणी पाटीला हात लावलेला नव्हता. दुसरी गोष्ट मात्र साफ चुकीची निघाली. सोलापूरच्या एका हायस्कुलात मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून सांगितले, की मी बी.ए. असलो तरी मास्तर नाही.

"मग मी कोण?" मी विचारले.

"तुम्ही अनट्रेंड," ते म्हणाले.

ज्या खोंडाच्या मानेवर अजून जू चढलेले नाही त्याच्याकडे बघून आमच्याकडचा शेतकरी ज्या सुरात बोलतो, तोच सूर. त्यात राग नव्हता. बैल होईल, पण अजून झालेला नाही, एवढेच.

हेडमास्तर स्वतः बी.टी. होते. सहीत त्यांचे नाव लहान असे आणि बी.टी. मोठे. वर्षभर मुंबईला राहून, ट्रेनिंग कॉलेजात रोज हजेरी लावून, युनिव्हर्सिटीची परीक्षा दिली की ती दोन अक्षरे मिळत. मला वर्षभर मुंबईला जाऊन राहणे जमण्यासारखे नव्हते. माझ्यासारख्यांसाठी शिक्षणखात्याने दुसरी वाट ठेवली होती, ती एस.टी.सी.ची, म्हणजे सेकंडरी टीचर्स सर्टिफिकेटची. नोकरी करता करता ती परीक्षा द्यायची. ऐकायला सोपे वाटले. मग हेडमास्तरांनी चष्मा चढवला आणि अटी वाचायला घेतल्या, आणि त्यांचा चहा निवेपर्यंत त्या संपल्या नाहीत.

ठरलेले इतके पाठ स्वतः द्यायचे. प्रत्येक पाठाचे टाचण आदल्या दिवशी वहीत लिहून त्यावर हेडमास्तरांची सही घ्यायची. तितकेच पाठ दुसऱ्या मास्तरांचे बघायचे, मागच्या बाकावर बसून, आणि काय बघितले ते दुसऱ्या वहीत लिहायचे. मानसशास्त्राचा पेपर, शाळेच्या व्यवस्थेचा पेपर. फळ्यावरचे अक्षर मागच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. एका जागी खिळून उभे राहायचे नाही, पण येरझाऱ्याही घालायच्या नाहीत. होय किंवा नाही असे उत्तर येईल तो प्रश्न विचारायचा नाही. मुलांनी उत्तर द्यायचे ते पूर्ण वाक्यात. आणि हे सगळे झाल्यावर खात्याचे परीक्षक येऊन माझा एक पाठ बघणार. त्या एका पाठावर सगळी मदार. दोन वर्षांत हे पार पडले तर मी कायम, नाहीतर माझ्या जागी कोणी ट्रेंड माणूस. तोवर हजेरीपटात माझ्या नावापुढे कंसात 'तात्पुरता' असे लिहिलेले असे. त्या शब्दाच्या शेजारी मी रोज सकाळी सही करी.

आता पंचपदीविषयी सांगितले पाहिजे. पाठ कसा द्यावा याची एक विलायती पद्धत त्या काळी साऱ्या ट्रेनिंग कॉलेजांत चाले. तिच्या पाच पायऱ्या. हेडमास्तरांना मराठीचा अभिमान, म्हणून आमच्या शाळेत त्या पद्धतीला पंचपदी म्हणत. पहिली प्रस्तावना, म्हणजे मुलांना जे ठाऊक आहे त्यावर प्रश्न विचारत विचारत त्यांना विषयाच्या दारात आणून सोडायचे. दुसरी हेतुकथन, म्हणजे आज आपण अमुक शिकणार असे जाहीर करायचे. तिसरी विषयविवेचन, म्हणजे खरे शिकवणे. चौथी संकलन, शिकवलेले गोळा करणे. पाचवी उपयोजन, म्हणजे मुलांनी ते ज्ञान वापरून दाखवणे. एक पायरी झाली की फळा पुसायचा आणि पुढची घ्यायची, असा हेडमास्तरांचा दंडक होता.

माझा पहिला पाठ त्यांनी मागे बसून ऐकला. मुले रंगून ऐकत होती, मीही रंगलो होतो. तास संपल्यावर ते म्हणाले, "छान शिकवलंत. पण कुठल्या पायरीवर शिकवलंत?"

मी टाचणाची वही चाळू लागलो.

"मग ते शिकवणं नव्हे, बोलणं झालं," असे म्हणून त्यांनी सही केली.

पहिल्या पायरीची खरी गोम अशी, की विषयाचे नाव मास्तराने आधी उच्चारायचे नाही. ते मुलांच्या तोंडून आले पाहिजे. हे कसे साधायचे ते दाखवण्यासाठी हेडमास्तरांनी एकदा स्वतः पाठ दिला. विषय ज्वालामुखी. सोलापुरात ज्वालामुखी कोणी बघितला आहे? मी मागच्या बाकावर वही उघडून बसलो आणि मनात म्हणालो, बघू आता.

त्यांनी विचारले, "जमिनीच्या पोटात काय असतं?"

"जमिनीच्या पोटात ज्वारी साठवायचं पेव असतं, सर."

मला वाटले, फसले. पण ते हसलेसुद्धा नाहीत. "पेव उघडल्या उघडल्या माणूस लगेच आत का उतरत नाही?"

"आत कोंडलेली गरम वाफ असते, सर. माणूस गुदमरतो."

"अशीच वाफ एखाद्या डोंगराच्या पोटात कोंडली, आणि पेवाला झाकणच नसलं, तर?"

त्या तिसऱ्या प्रश्नालाच एका पोराने ज्वालामुखी म्हटले. ज्वारीच्या पेवातून ज्वालामुखी काढणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्या दिवसापासून मी हेडमास्तरांची थट्टा मनातल्या मनातच करू लागलो.

असे एक वर्ष गेले. दिवाळीच्या आधी मी घरी कार्ड टाकले. कार्ड वाचायचे ते पोस्टमनने, म्हणून मी नेहमी थोडक्यात लिही. लिहिले, की ह्या हिवाळ्यात साहेबांसमोर पंचपदीने पाठ द्यायचा आहे, तो चांगला झाला तर मी कायम होईन. ह्यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

सुटीत घरी गेलो तर आप्पा, म्हणजे माझे वडील, वेशीतच भेटले. मी नोकरीला लागल्यापासून ते मला मास्तर म्हणत आणि अहोजाहो करत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळले नाही.

"मास्तर, पिशवी घरात टाका आन् देवळात चला. मंडळी खोळंबल्यात."

आमच्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी दिवेलागणीला पंचपदी होई. म्हणजे टाळाच्या साथीने पाच पदे, मग घंटा, मग आरती. तो शनिवार नव्हता, तरी भजनी मंडळ टाळ घेऊन बसले होते. मध्ये म्हातारे भजनीबुवा, पुढ्यात पदांची वही. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले.

"मास्तर, पैलं पद कंचं घेणार?"

तेव्हा माझ्या ध्यानात सारा घोटाळा आला. पण मला खरे बोलायची खोड. "प्रस्तावना," मी म्हणालो.

बुवांनी वही चाळली. "ह्ये हितं न्हाय. दुसरं?"

"हेतुकथन."

"कुणाचं हाय?"

"हेडमास्तरांचं."

बुवांनी वही मिटली आणि आप्पांकडे बघितले. आप्पा माझ्या मदतीला धावले. "सायबापुढं म्हणायची म्हंजी सरकारी पदं असतील की, बुवा. ती आपल्या वहीत कशी गावतील?"

हे मंडळींना पटले. मला पटेना. मी म्हणालो, "आप्पा, ते गायचं नसतं. मुलांना शिकवायचं असतं."

"म्हंजी नुसतं बोलून दावायचं?"

"व्हय."

"चाल न लावता?"

"व्हय."

आप्पांनी जरा विचार केला. "मग तर लई सोपं हाय. नापास कशापायी करतील?" बुवांचे मात्र समाधान झाले नाही. चाल न लावता पाच पदे म्हणायची म्हणजे सायबाने ऐकायचे काय, असे ते जाताना दोनदा म्हणाले.

मी आणखी समजावत बसलो नाही. शाळेत रोज समजावून सांगायचे काम होतेच, सुटीत कोण करणार?

परीक्षकांचे पत्र पौषात आले. पाठाचा विषय आणि वर्ग त्यांनीच नेमला होता. इंग्रजी चौथी, म्हणजे आताची आठवी, भूगोल, 'ऑस्ट्रेलियातील लोकरीचा धंदा.' पत्र वाचून मी खुर्चीत जरा मागे रेललो. इतिहास आणि भूगोल आमच्याकडे मराठीतून शिकवायची मुभा मिळालेली होती, आणि मेंढरांच्या कळपात तर मी चालायला शिकलो होतो. हेडमास्तरांनी माझा चेहरा ओळखला.

"घरचा विषय आला म्हणून खूष आहात. घरच्याच विषयात माणूस पडतो. आपल्याला ठाऊक आहे ते मुलांनाही ठाऊक असणार असं वाटतं."

मी मान डोलावली आणि ते विसरून गेलो. टाचण असे लिहिले, की त्यांना एकही दुरुस्ती सुचवता आली नाही. थंडीत काय पांघरता, तर घोंगडी. घोंगडी कशाची, तर लोकरीची. लोकर कोणाची, तर मेंढीची. मेंढ्या खूप कुठे, तर ऑस्ट्रेलियात. चार प्रश्न, पाच मिनिटे. 'साधने' या रकान्यात नकाशा आणि कच्ची लोकर लिहिली आणि घरी कार्ड टाकले. मूठभर कच्ची लोकर कोणाबरोबर तरी पाठवा, साहेबांसमोर पाठाला लागणार आहे.

पाठाच्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचलो तर व्हरांड्यात आप्पा बसलेले. धुतलेला पटका, खांद्यावर नवे काळे घोंगडे, शेजारी तोंडापर्यंत भरलेले पोते आणि एक पिशवी.

"आप्पा, मूठभर म्हणालो होतो."

"सायबापुढं मूठभर घिऊन जात्यात व्हय? त्येला काय वाटंल?"

त्यांनी पिशवी सरकवली तेव्हा आत काही वाजले.

"त्यात काय आहे?"

"टाळ हायती. लागली तर असू द्या."

मी पोत्यातून एक मोठा गुंडाळा काढून घेतला आणि त्यांना चौथीच्या खिडकीपाशी बसवले. तेवढ्यात हेडमास्तर आले. मी म्हणालो, "हे माझे वडील." हेडमास्तरांनी वाकून नमस्कार केला आणि विचारले, "पाठ ऐकायला आलात?"

"व्हय जी. पंचपदी ऐकाय आलो."

हेडमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही घरीसुद्धा पंचपदी समजावलीत? हे मात्र मला सुचलं नव्हतं." दीड वर्षात त्यांनी केलेली, मागे 'पण' नसलेली, ती पहिली स्तुती. ती खोडून काढण्याइतका मी खरा नव्हतो.

घंटा झाली. परीक्षक साहेब मागच्या बाकावर जाऊन बसले. उंच, वाळके गृहस्थ. त्यांनी खिशातले घड्याळ काढून बाकावर उघडे ठेवले आणि वहीवर पेन्सिल टेकवली. हेडमास्तर त्यांच्या शेजारी. मी मुलांवरून नजर फिरवली आणि पहिला प्रश्न टाकला.

"थंडीत तुम्ही काय पांघरता?"

"थंडीत आम्ही चादर पांघरतो, सर."

मला घोंगडी हवी होती. म्हटले, थोडी थंडी वाढवू. "आणखी थंडी पडली तर?"

"आणखी थंडी पडली तर आम्ही दोन चादरी पांघरतो, सर."

"आणि फारच कडाका पडला तर?"

मागच्या रांगेतला एक बारकासा मुलगा उभा राहिला. "फारच कडाका पडला तर आम्ही सगळे भाऊ एका चादरीत झोपतो, सर."

उत्तर पूर्ण वाक्यात होते, त्यामुळे मला काही बोलता येईना. साहेबांची पेन्सिल चालली. आणि आत्ता कुठे मला वर्ग दिसला. निम्म्याहून जास्त पोरे विणकरांच्या पेठेतली, घरी तेलुगू बोलणारी. त्यांच्या घराघरात हातमाग. जाता येता त्या मागांची खटखट ऐकत मी दीड वर्ष शाळेला येत होतो, आणि त्या पोरांना थंडीत घोंगडी पांघरायला सांगत होतो. घोंगडी हा शब्द माझ्या जिभेवर होता, पण मास्तराने तो उच्चारायचा नाही. उच्चारला की पहिलीच पायरी गेली.

मी पावसात शिरलो. "पावसात शेतकरी डोक्यावर काय घेतो?"

"पावसात शेतकरी डोक्यावर पोतं घेतो, सर."

हेही खोटे नव्हते. साहेबांच्या घड्याळाचा आवाज मला फळ्यापर्यंत ऐकू येऊ लागला. हजेरीपटातला तो कंस डोळ्यांपुढे आला. हेडमास्तर छताकडे बघत होते. त्यांनी एव्हाना दुसऱ्या एखाद्या पेवातून ऑस्ट्रेलिया काढला असता.

मघाचाच बारका मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याला दटावायचे म्हणून मी विचारले, "तिकडे काय बघतोस?"

"मी त्या आजोबांनी काय पांघरलंय ते बघतोय, सर."

"काय पांघरलंय?"

"घोंगडं, सर."

"पूर्ण वाक्यात सांग," मी म्हणालो, कारण मला श्वास घ्यायला वेळ हवा होता. त्याने सांगितले. मी विचारले, "ते कशाचं असतं?"

"ते केसांचं असतं, सर."

"कोणाच्या केसांचं?"

त्याने आप्पांकडे नीट निरखून बघितले. पटका, मिशा, सारे. मग म्हणाला, "त्यांचे नसावेत."

वर्ग हसला. साहेब हसले की नाही ते मी बघितले नाही. दुसऱ्या कोणीतरी मेंढी म्हटले, आणि मेंढीला धरून मी ऑस्ट्रेलियात पोचलो. पण पाच मिनिटांच्या जागी पंधरा गेली होती.

फळा पुसला. हेतुकथन केले. फळा पुसला. विवेचनात मात्र मी माझ्या घरी आलो. लोकरीचा गुंडाळा पोरांच्या हातांतून फिरवला. त्यांनी तो दाबून बघितला, हुंगला, मग तळहात हुंगले आणि चेहरे वाकडे केले. कातरणीच्या आधी मेंढरे ओढ्यात का धुतात, कोकराच्या पहिल्या जावळाची लोकर मऊ का, तिकडे एकेका माणसाकडे केवढाले कळप, कुरणे किती लांब, हवा कुठे उष्ण आणि कुठे थंड, सारे नकाशावर दाखवले. टाचणात नव्हते तेही सांगितले. फळा पुसला. संकलनाचे प्रश्न भराभर घेतले. चौथ्यांदा फळा पुसून मी खडू उचलला, उपयोजन घ्यायचे, आणि घंटा झाली.

साहेबांनी घड्याळाचे झाकण मिटले. त्याचा टक असा आवाज झाला.

बाहेर आप्पा हात जोडून उभे राहिलेले मला खिडकीतून दिसले. पंचपदीनंतर घंटा आणि घंटेनंतर आरती, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. आरती काही सुरू होईना, तेव्हा ते दारात आले.

"मास्तर, घंटा कशी झाली? पाचवं ऱ्हायलं की."

साहेब उठता उठता थांबले. "काय म्हणालात?"

"पाचवं ऱ्हायलं म्हन्लं, सायेब. चारच झाली."

साहेबांनी आपल्या वहीत बघितले. मग हेडमास्तरांकडे, मग आप्पांच्या पटक्याकडे. "चारच झाल्या हे तुम्हाला बाहेर बसून कसं कळलं?"

"मोजली की. एक झालं की मास्तर फळा पुसतंय. चारदा पुसला."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "चारदाच पुसला." आणि मला विचारले, "हे गृहस्थ खात्यात होते का?"

"नाही, साहेब. ते माझे वडील. मेंढरं राखतात."

साहेबांनी वही मिटली. हेडमास्तर त्यांना चहाला घेऊन गेले. मी रिकाम्या फळ्यापुढे उभा राहिलो. एक पायरी बुडाली की पाठ अपुरा, असे नियमात स्पष्ट होते, आणि तो नियम मीच वहीत सुवाच्य अक्षरात उतरून काढला होता.

मधली सुटी झाली होती. पोरे व्हरांड्यात आप्पांच्या पोत्याभोवती गोळा झाली. मी बाहेर आलो तेव्हा आप्पांनी पिशवीतून चाती काढली होती, लोकर कातायची हातातली चाती, आणि मांडीवर फिरवून सूत काढून दाखवत होते. पोरे आपसात तेलुगूत बोलत होती. आमच्या गावात कानडी सगळ्यांच्या कानावरची, म्हणून आप्पा मला हळूच म्हणाले, "ह्ये कानडीच हाय. जरा बिघाडल्यालं."

बारक्याने सूत दोन बोटांत धरून ओढून बघितले, एखादा व्यापारी बघतो तसे. "आजोबा, हे ताण्याचं का बाण्याचं?"

आप्पांनी चाती थांबवली. शाळेतल्या पोराने असे काही विचारावे हे त्यांना नवीन होते. "तुला रं काय ठावं ताणाबाणा?"

"आमच्या घरी चार माग आहेत. पण हे ताण्याला लावलं तर तुटेल. कुसळं आल्यात."

"तसंच लावशील तर तुटंल. खळ लावाय लागती."

"खळ आम्हीपण लावतो. तांदळाची."

"लोकरीला तांदूळ न्हाय चालत. आमी चिंचोक्याची लावतो. चिंचोकं भाजायचं, दळायचं, शिजवायचं. मग सूत कसं ताठ ऱ्हातंय बघ."

पोरे आणखी जवळ सरकली. चिंचोक्याची खळ वासाला कशी, कुंच्याने लावतात की हाताने, वाळायला किती वेळ, उंदीर लागतात का, असे प्रश्न सुरू झाले. दीड वर्षात मला इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते. साहेब आणि हेडमास्तर कपबशी हातात घेऊन खोलीच्या दारात उभे होते, ते मला उशिरा दिसले.

बारका माझ्याकडे वळला. "सर, ऑस्ट्रेलियात खळ कशाची लावत असतील?"

"तितं चिंच हाय का?" आप्पांनीही मलाच विचारले.

मी बी.ए. होतो. पण ऑस्ट्रेलियात चिंच आहे की नाही हे मला ठाऊक नव्हते, आणि आप्पांसमोर खोटे सांगायची सोय नव्हती. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

पोरे वर्गात पळाली. नकाशा अजून भिंतीवरच होता. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सर, वरच्या बाजूला आपल्यासारखंच उष्ण आहे. चिंच लावली तर वरच्या बाजूला येईल. पण मेंढ्या खालच्या बाजूला आहेत."

"मग वरनं चिंचोकं खाली न्ह्यायचं," आप्पा म्हणाले. "लांब हाय का लई?"

साहेबांनी कप हेडमास्तरांच्या हातात दिला आणि वही उघडून उभ्या उभ्या काहीतरी लिहिले.

निकाल होळीच्या सुमारास आला. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावले, चष्मा चढवला आणि साहेबांचा शेरा वाचून दाखवला. प्रस्तावना लांबली. विवेचन उत्तम, परंतु टाचणाबाहेर गेले. पायऱ्या इतक्या स्पष्ट होत्या की वर्गाबाहेरील निरक्षर श्रोत्यासही मोजता आल्या. पाचवी पायरी व्हरांड्यात पार पडली आणि ती उमेदवाराच्या वडिलांनी घेतली. यापुढे असे करू नये. पास.

"एक शंका आहे," हेडमास्तर म्हणाले. "सर्टिफिकेट एकच येणार. ते कोणाच्या नावावर घ्यायचं?"

मग त्यांनी हजेरीपट ओढला आणि माझ्या नावापुढचा कंस पट्टी लावून खोडला. हेडमास्तर कुठलीही गोष्ट पट्टी लावल्याशिवाय खोडत नसत.

त्याच शनिवारी मी गावी गेलो. घरी कोणी नव्हते, म्हणून देवळात गेलो. पंचपदी संपून आरतीही झाली होती आणि मंडळी पायरीवर बसली होती. पास झाल्याचे मी सांगितले. कोणालाच नवल वाटले नाही. आप्पा पौषातच सगळे सांगून बसले होते.

"चार मास्तरनं म्हन्ली," ते पुन्हा एकदा सांगू लागले, "आन् पाचवं मी."

भजनीबुवांच्या मनात दिवाळीपासून एक गोष्ट अडकून होती. ते पुढे सरकले. "पर काय रं, पाचव्याला तरी चाल लावली का न्हाय?"

"चाल न्हाय लावली," आप्पा म्हणाले. "खळ लावली."